शुद्धीचे पाणी आणि आपण

१

वैशाखी पौर्णिमेला आमच्या गावच्या विहारात वंदना होती. गाव गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या पट्ट्यातले. वस्तीतली नववीत शिकणारी एक मुलगी पाली गाथा न अडखळता म्हणते, म्हणून मेणबत्ती तिने लावावी असे आदल्या दिवशी ठरले होते. पांढरे कपडे घालून ती वेळेवर आली. तेवढ्यात एका म्हातारीने शेजारणीच्या कानात काही सांगितले, शेजारणीने तिसरीच्या, आणि मुलीला हळूच बाहेरच्या पायरीवर बसवण्यात आले. तिची पाळी सुरू होती. मेणबत्ती एका मुलाने लावली. वंदना झाली, खीर वाटली. मुलीला तिची खीर पायरीवर नेऊन दिली. देताना वाढणारीने हात उंच धरला.

तो उंच धरलेला हात मी ओळखतो. लहानपणी मी तो फार वेळा खालून पाहिला आहे. विहार समितीतला जुना माणूस म्हणून मी पहिल्या ओळीत बसलो होतो. मी काही बोललो नाही.

सगळे घरी निघाले तेव्हा ती मुलगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आबाजी, हे कोन्त्या पुस्तकात लिवलं आहे जी?"

प्रश्न साधा होता. शाळेत शिकणाऱ्या मुलीने विचारावा तसाच होता. मी "मग सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते मुलीला द्यायचे आहे, पण त्याआधी स्वतःला आणि आपल्या माणसांना द्यायचे आहे, म्हणून ते थोडे मागून सुरू करावे लागेल.

२

आमची झाडीपट्टी ही पाण्याची भूमी. गोंड राजांच्या काळापासून येथे तलाव बांधले गेले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. गावोगावी मालगुजारी तलाव आणि लहान लहान बोड्या. धान पाण्यात उभा राहतो, आणि त्या पाण्यात रोवणीला वाकून उभ्या राहतात त्या बहुतेक आपल्याच बाया. आपल्या माणसांचे हात असे सगळीकडे होते. महार या भागात विणकामही करीत. त्यांच्या मागावरचे जाडेभरडे कापड गावात वापरले जाई. पुढे तेंदूपत्ता आणि बिडी आली. आपल्या बायांनी वळलेली बिडी गावातल्या कुठल्याही जातीच्या ओठांत गेली. तिच्यावर कुणी पाणी शिंपडले नाही.

आपण रोवलेला तांदूळ देवाच्या अक्षता झाला, नैवेद्याचा भात झाला. आपण विणलेले कापड अंगावर चढले, आपण वळलेली बिडी तोंडात गेली. विटाळ मात्र झाला तो आपण पाण्याला हात लावला म्हणून! विटाळ हा वस्तूंतून वाहतो असे मानले, तर या सगळ्या वस्तू विटाळाने थबथबलेल्या होत्या. पण व्यवस्थेला जेथे सोय हवी होती तेथे विटाळ थांबत होता, आणि जेथे धाक हवा होता तेथे तो वाहत होता.

माझी आजी मालगुजाराच्या घरी धान कांडायला जाई. कांडलेले तांदूळ सुपात घालून ती पडवीच्या कडेला ठेवी. घरची बाई येऊन त्यावर दोन थेंब पाणी शिंपडी आणि मग सूप आत नेई. मजुरी वरून पडे. श्रावणात त्या घरी पूजा असली की आजीला त्या दिवशी अंगणातही येता येत नसे, कारण सावली पडली तर सोवळे मोडे. मी सहा-सात वर्षांचा असताना खेळता खेळता विहिरीच्या काठावर ठेवलेल्या एका घागरीला धक्का दिला. घागर पितळेची होती, म्हणून निभावले. ती राखेने घासून घेतली, जागेवर गोमूत्र शिंपडले आणि आजीला हात जोडून उभे केले. मातीची असती तर फोडावी लागली असती, आणि तिची किंमत आजीच्या मजुरीतून गेली असती. तेव्हा देशाची राज्यघटना लागू होऊन काही वर्षे झाली होती. तिच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली होती, आणि १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदाही आला होता. विहिरीच्या काठापर्यंत त्यांतले काहीच आलेले नव्हते.

त्या संध्याकाळी आजीने मला मारले नाही. एवढेच म्हणाली, "पानी कोनाचं नसते बाबू. धरून ठेवणाऱ्याचं असते."

३

पूजेपूर्वी हातपाय धुणे, स्नान करणे यात स्वतःहून काही वाईट नाही. जगातल्या बहुतेक धर्मांत ते आहे. मुसलमान नमाजापूर्वी वजू करतो. माणूस कामातून उठून, चिखलातून येऊन काही पवित्र मानलेल्या गोष्टीसमोर उभा राहतो, तेव्हा हात धुवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. आपणही वंदनेला स्वच्छ पांढरे कपडे घालतो. प्रश्न पाण्याचा नाही. ते पाणी काय धुण्यासाठी वापरले जाते, हा प्रश्न आहे.

येथे ग्रीसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. प्राचीन ग्रीकांच्या देवळांच्या दाराशी पाण्याचे कुंड असे. देवळात जाणारा त्यातले पाणी अंगावर शिंपडून आत जाई. यज्ञापूर्वी हात धुण्याच्या पाण्याला ते 'खेर्निप्स' म्हणत. वेदीवरचे जळते लाकूड पाण्यात बुडवून ते पाणी पवित्र केले जाई आणि जमलेल्यांवर शिंपडले जाई. न धुतलेल्या हातांनी देवाला मद्य अर्पण करू नये असे हेसिअड या कवीने फार पूर्वी सांगून ठेवले होते. हा धर्म ख्रिस्ती राजसत्तेखाली संपला असे मानले जात होते. पण आज ग्रीसमध्ये आणि बाहेरही काही लोक त्या जुन्या देवांची पूजा पुन्हा करू लागले आहेत. १९९७ साली त्यांची एक सर्वोच्च परिषद स्थापन झाली, आणि २०१७ साली ग्रीक सरकारने त्यांच्या धर्माला ज्ञात धर्म म्हणून मान्यता दिली. ही आजची माणसेही प्रार्थनेपूर्वी पाण्यात जळती काडी किंवा जळते पान विझवतात आणि त्या पाण्याने हात धुतात.

आता ग्रीकांचा विटाळ कशाने होई, ते पाहू. त्यांचा शब्द 'मिआस्मा'. घरात मृत्यू झाला, बाळंतपण झाले की तो लागे आणि काही दिवसांनी पाण्याने जाई. सर्वांत मोठा विटाळ खुनाचा. ज्याच्या हाताला माणसाचे रक्त लागले आहे, त्याला हात धुण्याच्या त्या सामाईक पाण्यात वाटा नसे. सोफोक्लिसच्या नाटकातला राजा इडिपस हीच आज्ञा देतो: राजाच्या खुन्याला कुणी घरात घेऊ नये, त्याला पूजेच्या पाण्यात भागीदार करू नये. आणि नाटकाच्या शेवटी कळते की तो खुनी आज्ञा देणारा राजाच आहे! विटाळ बाहेर शोधणाऱ्याच्या स्वतःच्या हातांना तो लागलेला होता. एल्युसिस येथील गुप्त विधींत खुन्याला प्रवेश नव्हता, पण ग्रीक भाषा येणाऱ्या गुलामाला होता. म्हणजे विटाळ माणसाच्या कृत्याला किंवा प्रसंगाला होता, जन्माला नव्हता. एपिडॉरस येथील देवळावर तर असा लेख होता की आत येणाऱ्याने शुद्ध असावे, आणि शुद्ध असणे म्हणजे चांगले विचार मनात असणे.

हे वाचून ग्रीकांचा फार गौरव करण्याचे कारण नाही. त्यांचा सगळा संसार गुलामांच्या पाठीवर उभा होता. आणि शुद्धीचे पाणी त्यांच्याकडेही एकदा माणसांवर उलटलेच. इसवी सनापूर्वी ४२६ साली अथेन्सने अपोलो देवाचे डेलोस हे बेट शुद्ध करायचे ठरवले. बेटावरच्या साऱ्या कबरी उकरून प्रेते बाहेर नेली. यापुढे या बेटावर कुणी जन्मू नये आणि कुणी मरू नये, अशी आज्ञा काढली. मरणाला टेकलेल्यांना आणि बाळंतिणींना समोरच्या बेटावर न्यायचे. चार वर्षांनी अथेन्सकरांना वाटले की शुद्धी अपुरी राहिली, म्हणून बेटावरच्या जिवंत रहिवाशांनाच हाकलून दिले. पुढच्या वर्षी देववाणीच्या सांगण्यावरून त्यांना परत आणावे लागले, ही गोष्ट वेगळी. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने हे सारे नोंदवून ठेवले आहे. आणि पुढे दोनशे-अडीचशे वर्षांनी, जेथे माणसाने जन्मू नये इतके पवित्र मानलेले हेच बेट गुलामांच्या खरेदी-विक्रीची मोठी पेठ झाले. तेथे एका दिवसात हजारो माणसे विकली जात, असे स्ट्रेबो लिहितो. बाळंतीण तेथे चालत नव्हती. साखळदंडातला माणूस चालत होता.

म्हणून कुठल्याही धर्मातल्या शुद्धीला मी एकच प्रश्न विचारतो. हे पाणी पूजा करणारा स्वतःच्या हातावर घेतो आहे, की दुसऱ्याच्या पावलांवर ओततो आहे?

४

आपल्याकडच्या शुद्धीचे पुस्तक मनुस्मृती. तिच्या पाचव्या अध्यायात शौचाचे नियम आहेत. भांडी कशाने शुद्ध होतात, सुतक किती दिवसांचे, कशाने अंग बाटते, हे सारे तेथे आहे. याच अध्यायातला ८५ वा श्लोक कुणाला शिवल्यावर स्नान करावे लागते ते सांगतो. यादी अशी आहे: चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण, प्रेत, आणि प्रेताला शिवलेला.

ही यादी नीट पाहिली पाहिजे. बाळंतिणीचा विटाळ ठरावीक दिवसांनी फिटतो. रजस्वला चार दिवसांनी घरात येते. प्रेताला शिवलेला स्नान करून मोकळा होतो. पतितालासुद्धा प्रायश्चित्ताची वाट आहे. यादीत एकटा चांडाळच असा आहे की ज्याच्यासाठी पाणी नाही. त्याला शिवणारा स्नानाने शुद्ध होतो, तो स्वतः कधीच होत नाही. ग्रीकांनी विटाळाला मुदत घातली होती. मनूने ती इतर सर्वांना दिली, आणि एका माणसाला मुदतीशिवायचा विटाळ दिला. जगातल्या शुद्धीविधींत आपल्या शुद्धीचे वेगळेपण येथे आहे. तिने घटनेचा विटाळ घेऊन तो जातीवर कोरला.

यावर उपाय म्हणून आपल्याच माणसांनी आधी स्वच्छतेचा मार्ग धरून पाहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरचे किसन फागू बनसोडे, गोंदियाचे कालीचरण नंदागवळी अशी माणसे या भागात जागृती करीत होती. त्या पिढीच्या सुधारकांनी चोखोबाचे नाव घेतले, शाळा काढल्या, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वच्छ राहा, असे सांगितले. लोकांनी ऐकले. आपण स्वच्छ झालो. पण त्यामुळे कुणी आपल्याला शुद्ध मानले नाही. स्वच्छतेचा संबंध मळाशी असतो, शुद्धतेचा सत्तेशी. धुतलेला महार अशुद्धच राहिला आणि न धुतलेला पुरोहित शुद्धच राहिला.

न धुतलेला पुरोहित हा माझा अलंकार नव्हे. १८९९ सालच्या कार्तिकात कोल्हापूरचे शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. पुरोहित मंत्र म्हणत होता. बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आले की मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत. विचारल्यावर पुरोहिताने सांगितले की महाराज शूद्र आहेत. आणि शूद्रासाठी पुराणोक्त मंत्र म्हणायला आपल्याला स्नान करून येण्याचीही गरज नाही! राजा पहाटेच्या थंडीत नदीत उभा, आणि त्याला पावन करणारा पारोसा. वेदोक्त प्रकरण म्हणून जे पुढे गाजले त्याची सुरुवात ही अशी आहे. पाण्यात कोण उतरला याला काही अर्थ नव्हता. कोण कुठल्या जातीत जन्मला एवढ्यालाच होता.

५

शुद्धीचे हे सोंग पूर्णपणे उघडे पडले ते महाडला.

हकीगत आपणा सर्वांना पाठ आहे, तरी तिच्यातल्या काही गोष्टी पुन्हा पाहाव्यात. १९२३ साली मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना कायद्याने मोकळे झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, तळ्यावर नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब परिषदेतल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग देवळात शिरणार अशी आवई उठवून जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर हल्ला झाला. आणि त्यानंतर तळ्याची शुद्धी झाली. एकशे आठ मातीच्या घागरी, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही. मंत्रघोषात त्या घागरी तळ्यात रित्या करण्यात आल्या.

या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत होते. त्यासाठी शुद्धी लागत नव्हती. गुरेढोरे पाणी पीत होती. त्यासाठीही लागत नव्हती. माणूस म्हणून जन्मलेल्या माणसाची ओंजळ मात्र एवढ्या मोठ्या तळ्याला बाटवून गेली! आणि ते शुद्ध कशाने झाले? गाईच्या शेणामुताने. ही गाय मेली की तिला ओढून नेण्याचे काम कुणाचे होते? जिवंत गाईचे शेण तळे पावन करते, आणि तीच गाय मेल्यावर तिला खांदा देणारा जन्माचा अपवित्र. एका जनावराच्या दोन टोकांना दोन माणसे उभी केली आहेत, आणि दोघांमधल्या अंतराला धर्म म्हटले आहे.

एकशे आठ घागरींनी तळ्याच्या पाण्यात रसायनदृष्ट्या काय फरक पडला असेल, हा विचार कुणाच्या मनातही आला नसेल. येण्याचे कारण नव्हते, कारण त्या घागरी पाण्यासाठी नव्हत्याच. त्या आपल्यासाठी होत्या. वीस तारखेला हजारो माणसांच्या मनात जे उमलले होते, त्यावर त्या ओतल्या गेल्या. कायदा तुमच्या बाजूचा असेल, ठराव तुमच्या बाजूचा असेल, पण तुमचा हात लागलेले पाणी आम्ही धुऊन काढू, असा तो निरोप होता. लाठीने डोके फुटते. शुद्धीने माणूसपण पुसले जाते. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. म्हणून डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेत त्यांनी सांगितले की आपण केवळ पाणी पिण्यासाठी तळ्यावर जात नाही, इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जातो. त्या परिषदेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली.

मधल्या काळात, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता. डिसेंबरात सनातन्यांनी न्यायालयातून तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई मिळवली. मनाई पाळून परिषद तळ्यावर गेली नाही. पण २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री तिने दुसरे एक काम केले. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याच्या लढाईत पुस्तक का जाळले, असे विचारणारे आजही भेटतात. उत्तर त्या ८५व्या श्लोकात आहे. एकशे आठ घागरी त्या पुस्तकातून भरून आल्या होत्या.

दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची चाल अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. सनातन म्हणून जे मिरवले जात होते, ते न्यायालयाच्या टेबलावर साधी वहिवाटही ठरू शकले नाही.

महाडच्या पुढे हे संपले असे मात्र नाही. १९७८ साली जगजीवनराम केंद्रीय मंत्री असताना त्यांनी वाराणसीत संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले. ते गेल्यावर तो पुतळा गंगाजलाने धुण्यात आला. देशाचे संरक्षण खाते त्यांच्या हातात होते. पुतळ्याला त्यांचा हात चालला नाही.

६

शुद्धीच्या पाण्याला पहिला प्रश्न महाडला विचारला गेला असे समजू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी तो पाणी भरणाऱ्या एका दासीने विचारला होता. थेरीगाथेत तिचे नाव पुण्णिका असे आहे. मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीत नदीत उतरून पाणी आणणे हे तिचे काम. नदीवर तिला एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करताना दिसला. मी तर मारपिटीच्या भीतीने पाण्यात उतरते, तू कुणाच्या भीतीने उतरतोस, असे तिने त्याला विचारले. पाप धुण्यासाठी, असे तो म्हणाला. त्यावर ती म्हणते ते इतके साधे आहे की त्याला आजवर उत्तर मिळालेले नाही. पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, पाण्यातले साप आणि मगरी सगळेच स्वर्गाला जातील. खाटीक, चोर आणि खुनीसुद्धा अंघोळ करून सुटतील. आणि नदी जर पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल, मग तू दोन्हीकडून रिता राहशील. ब्राह्मणाला ते पटले.

भगवान बुद्धांनी स्वतः हेच सांगितले. मज्झिम निकायातल्या वत्थूपम सुत्तात, बाहुका नदीवर स्नानाला चलता का, असे विचारणाऱ्या ब्राह्मणाला ते म्हणतात की दुष्कृत्ये करणाऱ्याला नदी शुद्ध करू शकत नाही. स्नान करायचे तर सत्य, अहिंसा आणि प्राणिमात्रांविषयीच्या करुणेत कर. आणि आपल्या संतपरंपरेत चोखोबांची सोयराबाई देवालाच विचारते की विटाळ देहाचा असेल, तर विटाळावाचून जन्मलेला देह कुठला? तिचा प्रश्न स्त्री आणि महार अशा दोन्ही अंगांनी आलेला आहे. तिला दोन्ही ठिकाणचे दार बंद होते.

फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी कुणाला शुद्ध करून मग पाणी दिले नाही. उलट विसाव्या शतकात आर्य समाजाने 'शुद्धी' नावाचीच चळवळ चालवली. अस्पृश्यांनाही शुद्ध करून घेऊ, असे त्यात सांगितले जाई. शुद्ध करून घेणे या शब्दांतच आधी अशुद्ध ठरवणे येते. हे ज्यांच्या लक्षात आले नाही, त्यांच्या भलेपणाविषयी मला शंका नाही. त्यांच्या शब्दाविषयी आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी नागपूरला गेली होती. छोट्या लाईनच्या गाडीने गोंदिया, तेथून मोठ्या गाडीने नागपूर. पदरात भाकरी, अंगावर धुऊन पांढरे केलेले लुगडे. आयुष्यभर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. म्हणे, एवढी लाखो माणसं, पण कुणी कुणावर पाणी शिंपडलं नाही. भन्ते चंद्रमणींनी बाबासाहेबांना त्रिशरण पंचशील दिले, बाबासाहेबांनी ते लोकांना दिले. उभे राहायचे आणि म्हणायचे, बस. गोमूत्र नाही, पंचगव्य नाही, होम नाही. मला आज त्या दीक्षेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच वाटते. त्या मैदानावर कुणी कुणाला शुद्ध केले नाही, कारण कुणी अशुद्ध नव्हतेच. परत आल्यावर आजीने घरातले देव बोडीत शिरवून टाकले.

७

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

त्रिपिटकात कुठेतरी असेल म्हणून वंदनेच्या पुस्तकात शोधू नये. बावीस प्रतिज्ञांमध्ये शोधू नये. ते मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. ज्या श्लोकाने माझ्या आजीला पडवीच्या कडेला उभे केले, त्याच श्लोकाने या मुलीला पायरीवर बसवले. चांडाळ आणि रजस्वला तेथे एकाच ओळीत आहेत. आपण त्या ओळीतला पहिला शब्द खोडला आणि दुसरा तसाच ठेवला. पहिला शब्द आपल्या पुरुषांना लागत होता. दुसरा आपल्या मुलींना लागतो, म्हणून तो आपल्याला बोचला नाही. महाडला जे पुस्तक जाळले त्यातली अर्धी ओळ आपण वाचवून घरी आणली आहे, आणि आता तिला विहारात जागा दिली आहे.

आपले लोक म्हणतील, हा विटाळ नव्हे, ही स्वच्छता. स्वच्छता असती तर तिला साबण आणि पाणी दिले असते, पायरी दिली नसती. आणि खीर वाढताना हात उंच धरला नसता. कुणी म्हणेल, बायांनीच बसवले, पुरुषांचा काय संबंध? पहिल्या ओळीत बसून गप्प राहणाऱ्याचा संबंध असतो. महाडला घागरी ओतणारे थोडे होते, काठावर उभे राहून पाहणारे फार होते. इतिहासात आपण त्यांना माफ केलेले नाही.

कुणी असेही म्हणेल की एवढ्याशा गोष्टीची महाडशी तुलना कशाला? मी म्हणतो, शुद्धी नेहमी एवढीशीच असते. दोन थेंब पाणी, चार बोटे अंतर, एक पायरी. त्या मानाने लाठी फार मोठी असते आणि तिची फिर्याद देता येते. दोन थेंबांची फिर्याद आजीला कुठे देता आली?

समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला. दोघे माझ्या बाजूचे झाले, तिघे गप्प राहिले, आणि एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्या मायनं शिकवलं ते आम्ही करतो जी, तुमी शिकलेले लोक काहीही सांगता." तिच्यावर मला रागावता येईना. तिच्या आईला हे कुणी शिकवले, ते तिला सांगायला हवे होते, आणि साठ-पासष्ट वर्षांत आपण कुणी ते सांगितले नाही. जयंत्या केल्या, मिरवणुका काढल्या, विहाराला फरशी बसवली. पाचव्या अध्यायात काय आहे, हे वस्तीत बसून वाचून दाखवले नाही.

विहाराच्या दारावर नियम लिहायचाच असेल तर तो एकच असावा. येथे येणाऱ्याने पाय धुवायचे असतील तर स्वतःचे धुवावेत. दुसऱ्याच्या पावलांवर पाणी ओतू नये.

त्या दिवसानंतर ती मुलगी विहारात आलेली नाही. तिच्या आईने सांगितले की ती घरीच गाथा म्हणते. "मग सांगतो" असे मी तिला म्हटले होते, ते उत्तर घेऊन आता मलाच तिच्या घरी जावे लागेल. जाताना मनुस्मृतीची ती ओळ कागदावर उतरवून नेणार आहे. तिचे दोन्ही शब्द तिने एकत्र वाचावेत, आणि मेणबत्ती लावायची की नाही ते तिने ठरवावे.